जन्मसालाचा रेझर शोधताय? आधी या चुका टाळा

ब्रिमफिल्डचा बाजार जवळ आला की मला फोन यायला लागतात. ब्रिमफिल्ड हे मॅसॅच्युसेट्समधलं एक छोटं गाव. मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा तिथे रूट २० च्या दोन्ही अंगांना जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, आणि मी तिथून तासाभरावर राहतो. फोन करणारा बहुधा ओळखीच्याचा ओळखीचा असतो. "दादा, बाबांची एकसष्टी आहे. त्यांच्या जन्मसालाचा जिलेटचा रेझर द्यायचाय. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणे." कधीपर्यंत हवाय? "पुढच्या शनिवारी निघतोय पुण्याला."

पुढच्या शनिवारी! अहो, बाबा साठ वर्षं थांबले होते, तुम्हाला सहा महिने आधी सुचलं नाही?

पण कल्पना चांगली आहे, हे मान्य. बॉस्टनच्या जिलेट कंपनीने १९५० च्या सुमारास आपल्या अमेरिकी रेझरच्या डोक्याखाली एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा ठोकायला सुरुवात केली. अक्षर म्हणजे वर्ष, आकडा म्हणजे तिमाही. १ असेल तर जानेवारी ते मार्च, २ असेल तर एप्रिल ते जून, पुढचं तुम्ही मोजा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे चाललं. म्हणजे माणूस ज्या तीन महिन्यांत जन्मला, त्याच तीन महिन्यांत घडलेला रेझर त्याच्या हातात देता येतो, आणि तोही रोज वापरता येईल असा. घड्याळ, पेन, नाणं, कशातच ही मजा नाही.

गंमत अशी की इतकी सोपी गोष्ट असूनही लोक दर वेळी त्याच त्या चुका करतात. त्यातल्या दोन मी स्वतःही केल्या आहेत, म्हणून जरा हक्काने बोलतो.

रेझर शोधायच्या आधी माणसाचं साल शोधा

ही चूक फक्त आपल्याकडचीच असावी. अमेरिकन माणूस आईवडिलांची जन्मतारीख जन्मदाखल्यावरून सांगतो. आपल्याकडे एका पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी मुलाकडे पाहिलं, "सहा वर्षांचा दिसतोय" म्हणाले आणि १ जून लिहून टाकलं. तीच तारीख शाळेच्या दाखल्यावर, तीच नोकरीत, तीच पासपोर्टवर आणि तीच आधारवर. ज्याला कुणाला वडिलांची तारीख १ जून दिसते आहे, त्याने रेझरवर एक पैसा खर्च करायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला फोन करावा.

माझ्या एका मित्राचं सांगतो. वडिलांची एकसष्टी २०२१ मध्ये. पठ्ठ्याने आईवडिलांच्या व्हिसाचे फॉर्म स्वतः भरले होते, त्यामुळे तारीख तोंडपाठ: १ जून १९६०. १९६० चं अक्षर एफ. त्याने एफ २ शोधला, आणि शोधला तोही फॅटबॉय. फॅटबॉय म्हणजे जिलेटचा पहिला आकडेवाला रेझर, साधारण १९५८ ते १९६१ मधला. मानेवर १ ते ९ आकड्यांचं कडं, ते फिरवून दाढी हलकी की कडक ते ठरवायचं, आणि जाडजूड दांडा. मूळ किंमत एक डॉलर पंचाण्णव सेंट, म्हणून त्याचं कंपनीतलं नाव नुसतं '१९५'. मित्राने बरेच डॉलर मोजले आणि मला फोटो पाठवला.

मी विचारलं, "एकसष्टी या वर्षी कशी? साठ तर मागच्याच वर्षी पूर्ण झाली." तर म्हणे, "घरी याच वर्षी करायचं ठरलंय, कोविडमुळे पुढे ढकलली असेल." असेल! वडिलांच्या एकसष्टीचं साल का बदललं हे विचारायचं सोडून माणूस लिलावात बोली लावत होता. मी म्हटलं, आजीला विचार. आजी ब्याऐंशीची, पण बोलणं खणखणीत. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे, ह्याचं बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी पानशेत फुटलं. पाळण्याला बांधलेले फुगेसुद्धा काढले नव्हते. कागदपत्रं कसली विचारतोस, अख्खा वाडा वाहून गेला. पुढे ह्याला लवकर शाळेत घालायचा म्हणून ह्यांनी वर्ष वाढवून सांगितलं."

पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. बारसं ११ ला. बाराव्या दिवशीचं बारसं धरलं तर जन्म ३० जूनचा. म्हणजे साल १९६१, अक्षर जी, आणि तिमाही दुसरीच, तीही जेमतेम एका दिवसाने. आजीने बारसं एक दिवस पुढे सांगितलं असतं तर जी ३ शोधावा लागला असता.

जी २ मिळायला चार महिने लागले. एफ २ मी त्याच्याकडून त्याच्याच किमतीला घेतला, कारण एप्रिल ते जून १९६० मध्ये आणखी कोण जन्मलं हे माझ्या लक्षात आलं होतं. १ मे. महाराष्ट्राच्या जन्माच्या तिमाहीतला रेझर आता माझ्या बाथरूममध्ये आहे, आणि दर १ मे ला मी त्यानेच दाढी करतो. बायको याला खूळ म्हणते.

तर आजीला, आत्याला, मोठ्या काकूला विचारा. साल विचारू नका, त्यांना साल सांगता येत नाही. "तेव्हा काय झालं होतं" असं विचारा. गांधीहत्येच्या वेळी पोटात होता, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा रांगत होता, अशी उत्तरं येतात. पहिल्याचा अर्थ ३० जानेवारी १९४८ नंतर, दुसऱ्याचा अर्थ ११ डिसेंबर १९६७ च्या सहा-आठ महिने आधी. या खुणा शाळेच्या दाखल्यापेक्षा जास्त पक्क्या असतात.

पंचवीस वर्षांचा घोळ

ही माझी स्वतःची चूक, आणि ती मी चाळीस माणसांसमोर केली.

अक्षरांचा क्रम असा आहे. १९५० ला व्ही, मग डब्ल्यू, एक्स, वाय, आणि १९५४ ला झेड. १९५५ ला पुन्हा ए पासून सुरुवात: १९६० ला एफ, १९६५ ला के, १९७० ला पी. क्यू वापरलेलंच नाही, त्यामुळे १९७१ ला आर. तिथून पुढे सरळ १९७९ ला झेड आणि १९८० ला परत ए. क्यू गाळला की अक्षरं उरतात पंचवीस. म्हणजे दर पंचवीस वर्षांनी तेच अक्षर पुन्हा येतं. व्ही १९५० चा आणि १९७५ चाही, डब्ल्यू १९५१ चा आणि १९७६ चाही, बी १९५६ चा आणि १९८१ चाही.

२०११ मध्ये मला हे माहीत नव्हतं. म्हणजे वाचलं होतं, पण घाईत डोक्यात शिरलं नव्हतं. सासऱ्यांचा, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, जन्म मे १९५१ चा. डब्ल्यू २ पाहिजे होता. एका लिलावाच्या साइटवर विक्रेत्याने लिहिलं होतं, 'डब्ल्यू २, १९५१, उत्तम अवस्था'. फोटोत काळ्या दांड्याचा, आकड्यांचं कडं असलेला, देखणा रेझर. मी म्हटलं, वा, अण्णांना काळा रंग आवडतो. घेतला.

सांगलीला एकसष्टी झाली. शांत झाली, जेवणं झाली, आणि मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी सांगितलं की हा रेझर अण्णांच्याच वयाचा आहे, ज्या तीन महिन्यांत अण्णा जन्मले त्याच तीन महिन्यांत बॉस्टनच्या कारखान्यात हा तयार झाला, दोघांनी साठ पावसाळे पाहिलेत वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. एका मावशींनी डोळे पुसले. अण्णांनी रेझर उलटसुलट पाहिला, कडं फिरवलं आणि म्हणाले, "आमच्या वेळी इतका भारी माल होता?"

नव्हता! १९५१ मध्ये जिलेटचा आकडेवाला रेझर दुकानात आलाच नव्हता. पहिला आला तो वर सांगितलेला फॅटबॉय, सात वर्षांनी. आणि काळ्या दांड्याचा तर १९६० च्या दशकाच्या अखेरीचा. तीन वर्षांनी ब्रिमफिल्डला एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर जिलेटचा 'सुपर स्पीड' नावाचा रेझर दिसला, खरा १९५१ चा. नखशिखांत धातूचा, बारीक दांडा, कसलेही आकडे नाहीत. मी त्याला अण्णांच्या रेझरचा फोटो दाखवला. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, परत दिला आणि विचारलं, "तुझ्या ओळखीत १९७६ च्या एप्रिल ते जूनमध्ये कुणी जन्मलंय का?"

जन्मलंय की. माझी बायको. मे १९७६. सासऱ्यांच्या एकसष्टीला मी त्यांना त्यांच्या मुलीच्या जन्मसालाचा रेझर दिला होता, आणि वर भाषण ठोकलं होतं.

तो धातूचा सुपर स्पीड मी तिथल्या तिथे घेतला, डब्ल्यू ४ असूनही. डब्ल्यू २ मिळायला आणखी वर्ष गेलं. पुढच्या सुट्टीत सांगलीला नेऊन अण्णांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी नवा रेझर कपाटात नीट ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर काळाच घेऊन उभे राहिले. "हा लेकीच्या वयाचा आहे ना, मग हाच बरा," एवढंच म्हणाले.

यावर उपाय एकच: अक्षर नंतर, आधी मॉडेल. रेझर कसा दिसतो त्यावरून दशक ठरवा, मग अक्षरावरून वर्ष. आकड्यांचं कडं नाही, सगळा धातू, बारीक दांडा: १९५० च्या दशकाची सुरुवात. खालच्या टोकाला दांडा फुगलेला सुपर स्पीड: १९५४ नंतरचा. जाड मानेचा फॅटबॉय: १९५८ ते १९६१. तसाच पण सडपातळ, म्हणून नाव स्लिम: १९६२ नंतरची पाच-सहा वर्षं. काळा दांडा: त्यानंतरचा. एवढं पाठ करायला दहा मिनिटं लागतात. विक्रेत्याने काय लिहिलंय ते वाचू नका. त्याला रेझर विकायचाय, तुमच्या वडिलांचं साल पाळायचं नाही.

१९०४ चा रेझर सापडला!

नाही सापडला. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला हा फोटो पाठवतं. रेझरवर '१५ नोव्हेंबर ०४' असं खोदलेलं असतं आणि माणूस आनंदाने वेडा झालेला असतो. ती पेटंटची तारीख. किंग कॅम्प जिलेट यांना त्यांच्या रेझरचं अमेरिकी पेटंट त्या दिवशी मिळालं, आणि कंपनीने ती तारीख पुढे कित्येक वर्षं रेझरवर छापली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. दुसऱ्या वर्षी ९०,८८४ रेझर. पेटंटची तारीख पाहून सगळे १९०४ चेच धरले तर या नव्वद हजारांतले लाखभर माझ्याच इनबॉक्समध्ये असतील.

कोड नसलेल्या सालांचा हट्ट

सहस्रचंद्रदर्शनासाठी जन्मसालाचा रेझर हवा असतो, तेव्हा हा प्रश्न येतो. ऐंशी पार केलेला माणूस १९४५ च्या आगेमागे जन्मलेला. त्या वेळी जिलेट तारखेचा कोड ठोकतच नव्हती. युद्धामुळे पितळ लढाईकडे वळलेलं, त्यामुळे रेझरचा मालही बदलला होता. इथे तिमाहीचा हट्ट सोडा. १९३८ मध्ये आलेला टेक घ्या, तीन तुकड्यांचा, साधा, मजबूत. युद्धाच्या काळातले टेक ओळखता येतात, पण 'त्याच वर्षाचा' असं छातीठोक सांगता येत नाही. सांगू नका. "तुमच्या जन्माच्या सुमाराचा" म्हणा, ते पुरेसं आहे.

१९४७ च्या मंडळींचं नशीब जरा चांगलं. त्या वर्षी सुपर स्पीड बाजारात आला आणि सुरुवातीच्या रेझरच्या मधल्या पट्टीला खाचा होत्या. डोक्यावरची दोन झडपांसारखी दारं उघडून मधली पट्टी पाहिली की त्या दिसतात.

आणि १९९० नंतर जन्मलेल्यांनी माझ्याकडे येऊ नये. तुमच्या सालाचा रेझर म्हणजे १९९० मध्ये आलेला जिलेट सेन्सर. शोधा, मिळेल.

खालून फोटो मागितला नाही

विक्रेते रेझर उभा ठेवून, बाजूने, छान उजेडात फोटो काढतात. कोड असतो डोक्याखाली. तिथला फोटो नसेल तर मागा. तो पाठवत नसेल तर सोडून द्या. एवढंच.

फोटो आला तरी डोळे उघडे ठेवा. झिजलेला जी हा सी सारखा दिसतो, आय हा अक्षर आहे की आकडा कळत नाही (१९६३ चे बरेच लोक यात फसतात). पुन्हा निकेल चढवलेल्या रेझरवर कोड बुजून गेलेला असतो. आणि कोड असलेल्या टेकवर तो खालच्या पट्टीवर असतो, दांड्यावर नाही. टेकचे तुकडे सुटे होतात, त्यामुळे पट्टी एका वर्षाची, झाकण दुसऱ्या, दांडा तिसऱ्या असं सर्रास मिळतं. चालत असेल तर घ्या, पण माहीत असून घ्या.

लख्ख करायची हौस

जुन्या रेझरवर साबणाचा पांढरा थर, काळपट डाग, कधी हिरवटपणा असतो. तो पाहिला की नवख्या माणसाचे हात शिवशिवायला लागतात.

माझ्याकडे १९४० च्या दशकातला जिलेटचा एक 'अॅरिस्टोक्रॅट' रेझर होता, सोन्याचं पाणी दिलेला. त्या वर्षी आई इथे राहायला आली होती. एका रविवारी मी झोपेतून उठून स्वयंपाकघरात आलो, तर आई सिंकपाशी उभी. देवाची उपकरणी घासून झाली होती, समई झाली होती, आणि हातात माझा अॅरिस्टोक्रॅट. चिंच आणि रांगोळी लावून, अंगठ्याने, मन लावून घासत होती. नळाखाली धरला, पदराला पुसला आणि माझ्यासमोर धरला. "बघ, किती कळकट ठेवला होतास. आतून पितळ निघालं."

निघणारच. वर सोनं होतं.

आईला काय बोलणार? चूक माझी, मी तो देवघराच्या कट्ट्याशेजारी वाळत ठेवला होता. पण तुम्ही पितळ घासायची पावडर, रांगोळी, काथ्या, लोखंडी जाळी, यातलं काहीही रेझरला लावू नका. निकेलचा आणि सोन्याचा मुलामा पातळ असतो, एकदा गेला की गेला. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत घालणारेही असतात, त्यांनाही तेच सांगणं. माझी पद्धत कंटाळवाणी आहे: हाताला सोसेल इतकं गरम पाणी, भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब, अर्धा तास भिजत, मग जुना मऊ टूथब्रश. थर गेला नाही तर परत अर्धा तास. मग परत. शेवटी सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्यायचा, दुसऱ्याने वापरलेली वस्तू आहे. उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटांत काम उरकणारे लोक मी पाहिले आहेत. काळ्या दांड्यांचे आणि आकड्यांवर रंग भरलेल्या कड्यांचे त्यांनी काय हाल केलेत तेही पाहिलं आहे.

दारं उघडत नाहीत, आणि हातात पकड

डोक्यावरची दोन दारं पंखांसारखी उघडतात त्या फुलपाखरी रेझरची दारं अडकली तर शंभरातल्या नव्वद वेळा आत साबण सुकलेला असतो. दुरुस्ती म्हणजे पाणी आणि सबुरी. रेझर डोकं खाली करून गरम साबणपाण्यात ठेवा. दहा मिनिटांनी खालची फिरकी बोटांनीच, पाव फेरा इकडे आणि पाव फेरा तिकडे, अशी हलवत राहा. आधी काहीच होत नाही. मग पाण्यात पांढरट ढग दिसतो, आणि फिरकी किंचित सरकते. तो ढग दिसला की निम्मं काम झालं. पाणी बदला, परत ठेवा. दारं मोकळी झाली की शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरकीच्या मुळाशी, एक थेंब दारांच्या बिजागरीत. पकड लावून फिरकी पिळली तर आतला दांडा वाकतो, मग दारं एका बाजूला जास्त मिटतात, दुसऱ्या बाजूला फट राहते. त्या फटीची बाजू गालाला लागली की काय होतं ते सांगायला नको.

फट तपासायची सवय लावून घ्या. नवं पातं घाला, दारं मिटा, रेझर डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा, खिडकीकडे तोंड करून. दोन्ही कडांना पातं सारखं बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर पातं काढून परत बसवा. तरीही नसेल तर दारं वाकलेली आहेत, कारण रेझर कधीतरी फरशीवर पडलाय. वाकलेली दारं घरी सरळ करायला जाऊ नका. मी गेलो होतो. दोन रेझर गेले.

आकडेवाल्या रेझरची आणखी एक खोड. दारं घट्ट मिटलेली असताना कडं फिरवू नये. फिरकी अर्धा फेरा सैल करा, आकडा बदला, मग परत घट्ट करा. हे न केल्याने आतले भाग झिजतात आणि मग "नऊवर ठेवला तरी काही फरक पडत नाही" अशी तक्रार येते.

आधी माळा पाहिला का?

हे खरं तर सगळ्यात वर हवं होतं. लिलाव, ब्रिमफिल्ड, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, सगळीकडे शोधून झाल्यावर एका बाईंना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत 'मेड इन इंग्लंड' टेक सापडला. त्यावर अक्षर नाही, आकडा नाही, तो कुठल्या सालचा ते त्यावरून कळायचं नाही. तरीही त्यांनी माझ्याकडून विकत घेतलेला बॉस्टनचा एफ ४ मला परत पाठवला आणि वडिलांना तोच टेक दिला. मी हसतमुखाने परत घेतला. आपल्याकडे जुन्या बाजारात जे मिळतं त्यात इंग्लंडचे टेक जास्त दिसतात, तारीखवाला अमेरिकी क्वचित. जुन्या बाजारात जरूर हिंडा, मी सुट्टीत हिंडतोच. पण विशिष्ट तिमाही ठरवून तिथे जाणं म्हणजे मंडईत जाऊन एका विशिष्ट झाडाचा आंबा मागणं.

शेवटच्या घडीचे घोटाळे

रेझर हातातल्या सामानात नेऊ नका. पातं नसलेला रेझर चालतो असं कुणी सांगितलं असेल, सुरक्षा तपासणीच्या रांगेत तो वाद घालायला तुम्हाला सुचेल का? चेक-इन बॅगेत, मोज्यात गुंडाळून.

जन्मसालाची पात्यांची पुडी मिळाली तर शोभेला द्या, दाढीला नको. जुनी पाती बहुधा कार्बन पोलादाची, आतून गंजलेली असतात. पुडी बंद आहे म्हणून पातं चांगलं असं नसतं.

आणि रेझर दिल्यावर बाबांना दाढी कशी करायची ते शिकवायला जाऊ नका. व्हिडिओ दाखवू नका. ज्या मुलाने आयुष्यभर चार-पाच पात्यांचा प्लास्टिकचा रेझर गालावर दाबून ओढलाय, त्याने एका पात्याच्या रेझरने वीस-पंचवीस वर्षं दाढी केलेल्या माणसाला कोन शिकवायचा नसतो. तुम्हाला स्वतःला तो रेझर एकदा वापरून पाहायचा असेल तर कडं दोन-तीनवर ठेवा, हात हलका ठेवा, रेझरच्या वजनालाच काम करू द्या. पहिल्याच दिवशी नऊवर लावणारे तरुण मला दुसऱ्या दिवशी हनुवटीचे फोटो पाठवतात. मी उत्तर देत नाही.

बाबांना मात्र चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या नव्या पात्यांच्या पुड्या द्या. त्यातली कुठली चांगली आणि कुठली भिकार, ते न विचारता सांगतीलच.